फुटकी पायरी

गरीब रुग्णांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी शाळेनं देणग्या जमवायला घेतल्या होत्या. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि जोडीदारणीचा हात धरून अख्ख्या शाळेला फेरी मारायची; पुऱ्या केलेल्या प्रत्येक फेरीमागे देणगी मिळणार. यानं मुलींचा एकमेकींवरचा विश्वासही वाढेल, असं समुपदेशक बाईंचं म्हणणं. सगळ्यांत आधी व्हॉलीबॉलची कॅप्टन ऐटीत पुढे आली. पट्टी बांधून झाली आणि एका इवल्याशा, गार हातानं तिचा हात धरला.

"चल ताई."

आवाज ओळखला आणि कॅप्टन जागीच थबकली. ही तर खालच्या वर्गातली मुंगी! हे नावही तिला कॅप्टननंच ठेवलेलं. गेल्या महिन्यात जिन्यावर हिलाच पाय आडवा घातला होता, आपली गंमत म्हणून. पोरगी गडगडत खाली गेली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसलीही कॅप्टनच होती.

व्हरांडा संपला. आता तोच जिना उतरायचा होता. कठडा काही केल्या हाताला लागेना. पट्टी ओढून काढावी, तर अख्खी शाळा बघत उभी. कॅप्टन हळूच कुजबुजली,

"मुंगे... हे बघ, त्या दिवशी मी... म्हणजे मला तसं..."

मुंगीची पकड एकदम घट्ट झाली.



"जपून हं ताई, खालच्या पायरीची कड फुटलीय. माझा दात तिथंच पडला होता."