दोन वेण्या

प्रयोगशाळेतला पंखा फिरत होता आणि बाप-लेक टेबलाशी समोरासमोर बसले होते. टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर दोन वेण्या होत्या. एक आईची, एक शेजारच्या काकूची. खिडकीबाहेर गाळाचा शेवटचा तराफा धक्क्याला लागला होता. कारखान्याने नदीच्या मुखाशी ओतलेला पारा बारा वर्षे उपसला गेला, तो आज संपला होता. त्याच कारखान्यात बाबा सांडपाण्याच्या झडपेवर कामाला होते.

मासेमारीवर बंदी आली त्या आठवड्यात तपासणीसाठी दोघींनी वेण्या कापून दिल्या होत्या. पाकिटे या प्रयोगशाळेत तशीच पडून राहिली; आता इथे कामाला लागलेल्या मुलीनेच ती उघडली होती. मधल्या काळात आई गेली आणि काकूचे हात थरथरू लागले. बाबा रोज तिचे पाणी भरून देत, महिन्याची औषधे आणून देत. शेजारी असावा तर असा, असे सारी वस्ती म्हणे.

"आईची वेणी दाखवून मला रडवायला बोलावलंस होय?" बाबांनी हसून पाहिले. "आटप लवकर. काकूच्या गोळ्या द्यायच्यात. उशीर झाला की माझा उद्धार करते ती."

मुलीने वेण्यांशेजारी पट्टी ठेवली. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो आणि त्या महिन्याचा पारा स्वतःत जपून ठेवतो. काकूच्या वेणीत तो टोकापासून मुळापर्यंत होता. आईच्या वेणीत फक्त टोकाला. मुळाकडचे वीस सेंटिमीटर जवळजवळ स्वच्छ.

"बंदीच्या वीस महिने आधी आपल्या घरातली मासळी थांबली, बाबा."

"माझं पोट बिघडायचं. तेव्हाच सांगितलं होतं."

"आणि कारखान्याच्या चौकशीत सांगितलंत, बंदी येईपर्यंत कुणाला काही ठाऊक नव्हतं."

बाबांची नजर तराफ्यावर खिळली. "साहेबांनी दम दिला होता. शब्द बाहेर गेला तर घरी बस म्हणाले. तू दहा वर्षांची होतीस, पोरी."

दहा वर्षांच्या त्या मुलीला सारे आठवत होते. काकू कुंपणावरून माशाच्या रश्श्याची वाटी पुढे करी. "तुमच्या घराने संन्यास घेतलाय वाटतं! खा गं, बापाला नको सांगूस." बाबा ती वाटी हसत स्वतःकडे घेत, परसातल्या झाडाच्या बुंध्याशी रिकामी करत आणि घासूनपुसून परत देत. "वहिनी, झकास झाला होता हं." कोणाचे मन न मोडणारा असा माणूस जगात दुसरा नाही, असे तिला तेव्हा वाटे.

"वाटी परत देताना काकूला एक शब्द का नाही सांगितलात, बाबा?"

बाबा उठले. काकूच्या वेणीकडे गेलेला हात त्यांनी मध्येच मागे घेतला. मग खुर्चीखालची औषधांची पिशवी उचलून, गेली बारा वर्षे रोज जात होते त्याच काकूच्या दाराकडे ते चालू लागले.