म्हैस विकणे आहे

"म्हैस विकायची नाही हो! नंबर चुकलाय!" मुकुल फोनवर ओरडला आणि तो कापून कमरुन्निसाच्या बांगड्यांच्या दुकानात शिरला. सकाळपासूनचा हा एकविसावा फोन होता.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात मुकुलचं ऑनलाइन सेंटर आहे. रेल्वेची तिकिटं, दाखले, परीक्षांचे फॉर्म, सगळं तो काढून देतो आणि येईल त्याच्याशी साहेबासारखा बोलतो. आज मात्र साहेबाचं तोंड एवढंसं झालं होतं.

"चाची, हे तुम्हीच केलंय."

"काय केलं?" कमरुन्निसा काचेच्या बांगड्या दोऱ्यात ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

"कनेरगाव नाक्यावर, पुसेगावला, सेनगावच्या स्टँडसमोर. तीन भिंती रंगवल्यात. दुभती म्हैस विकणे आहे, रोज चौदा लिटर, फक्त तीस हजार. आणि खाली हातभर मोठा माझा नंबर! तीस हजारात म्हशीची वगार तरी येते का आजकाल? अख्खा तालुका माझ्या मागं लागलाय."

"आमीच केलं कशावरून?"

"चाचांचं अक्षर मला कळत नाही का? तो शेपटीवाला 'म' माझ्या दुकानाच्या पाटीवर आहे."

कोपऱ्यात तिचा नवरा जमील पेंटर ब्रश धूत बसला होता. आपला 'म' एवढ्या लांबून ओळखला गेला याचं त्याला बरं वाटायचं ते वाटलंच. त्यानं ते लपवलंही नाही.

"आणि तुमच्याकडं म्हैस आहेच कुठं?" मुकुल म्हणाला.

"त्या दिवशी गाडी तरी कुठं होती?"

कोणत्या दिवशी, हे मुकुलनं विचारलं नाही. महिन्यापूर्वी कमरुन्निसाचं हैदराबादचं तिकीट त्यानंच काढलं होतं. तिकडे तिची धाकटी बहीण यास्मीन शेवटच्या घटका मोजत होती. गाडी रद्द झाल्याचा मेसेज सकाळी दहालाच आला, पण तो मुकुलच्या फोनवर, कारण तिकिटावर नंबर त्याचा होता. कमरुन्निसाला ते कळलं संध्याकाळी, हिंगोली स्टेशनच्या खिडकीवर.

"दुकानात गर्दी होती, चाची. मेसेज पाहायचा राहून गेला. मुद्दाम केलं का मी?" त्यानं खिशातून नोटा काढून काचेवर ठेवल्या. "हा घ्या तुमचा रिफंड. आणि त्या भिंती तेवढ्या पुसा." महिनाभर न आलेला रिफंड आज बरा आला होता.

"दहाला सांगतलं असतं तं मी नांदेडहून बस धरली असती," कमरुन्निसा म्हणाली. "मी पोचले तवा लोकं माती देऊन परत येऊन राहिले होते. बहिनीचं तोंड न्हाई दिसलं मला. त्याचा रिफंड कवा येतो, मुकुलशेट?"

"सगळेच एजंट स्वतःचा नंबर टाकतात हो. पद्धतच आहे ती."

"बराबर हाय. माझ्या तिकिटावर तुमचा नंबर चालतो, तं माझ्या म्हशीवर काहून न्हाई चालत?"

असं म्हणून ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

फोन वाजला. मुकुलनं झडप घालून उचलला. "हॅलो, कोण?" म्हैस कितव्या वेताची आहे, असं पलीकडून कोणीतरी शांतपणे विचारत होतं. मुकुलनं फोन कापला.

"एवढी तकलीफ हाय तं बंद ठेवा की फोन," जमील म्हणाला.

"कसा ठेवू, चाचा? अबोली माहेरी आहे, वाशिमला. सकाळीच दवाखान्यात नेलंय तिला. पहिलटकरीण आहे. तिकडून कोणाच्याही फोनवरून कळवतील. प्रत्येक नवा नंबर मला उचलावाच लागतोय."

कमरुन्निसाचा हात थांबला. सातव्या महिन्यात अबोलीच्या हातात हिरव्या बांगड्या तिनंच भरल्या होत्या. दोन जास्तीच्या भरल्या आणि त्यांचे पैसे घेतले नव्हते. पोरीनं वाकून नमस्कार केला होता.

तिनं काचेवरच्या नोटा उचलल्या आणि न मोजता गल्ल्यात टाकल्या. मिटलं एकदाचं, असं वाटून मुकुलनं श्वास सोडला. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. नंबर नवाच होता.

"उचल," ती म्हणाली. "एक बी सोडू नको. एक सुटला तं काय जातं, ते मला इचार."

मुकुल फोन कानाला लावून बाहेर उन्हात गेला. "हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?" मग जरा वेळानं त्याचा आवाज आला, "नाही हो, म्हैस नाही."

जमीलनं पांढऱ्या रंगाचा डबा उचलला. "जातो मी. तिन्ही भिंतीवर एकेक हात मारून येतो. लेकरू येऊन राहिलं त्याच्या घरी."

"बसा खाली," कमरुन्निसा म्हणाली आणि तिनं दोरा पुन्हा हातात घेतला. "लेकरू झाल्याचा फोन येऊ द्या त्याला. मंग पुसा."