तिसरी गाठ

"हलू नकोस गं, पिन टोचेल," मालिनी म्हणाली आणि नैनाच्या केसांवर निळा बो घट्ट बसवला. शेजारी तिची मैत्रीण सिया लाल बो लावून तयार उभी होती. दोघींचे केस मालिनीनंच बांधले होते, गाडीच्या उघड्या डिकीत बसवून. फिनिक्सचं ऊन सकाळीच पार्किंगभर पसरलं होतं.

दोघींच्या कानांतल्या कुड्या तिनं आठवणीनं काढून डबीत ठेवल्या. गुरुवारी कोचला फोन करून तिनं सगळं बारीकसारीक विचारून घेतलं होतं. बूट कुठले, केस कसे, अंगावर काय चालतं, काय चालत नाही. मालिनीचं काम असं, एक धागा इकडचा तिकडे होणार नाही.

"नैना, टीम जमली बघ तुझी. पळ."

नैना गेली, पण पाय ओढत गेली. पाठमोरी पोर केवढीशी दिसत होती.

मागच्या वर्षापर्यंत या दोघी चँडलरच्या चिअरलीडिंगच्या जिममध्ये एकाच टीममध्ये होत्या, मानाच्या लाल टीममध्ये. नैना वरची मुलगी. बाकीच्या पोरी हातांवर उचलून धरायच्या आणि ही साऱ्यांच्या डोक्यांवर एका पायावर उभी राहायची, वाऱ्यावर तुऱ्यासारखी. मे महिन्यात पुन्हा निवड झाली. नैनाच्या जागी सिया वर गेली आणि नैनाची रवानगी निळ्या टीममध्ये झाली. तिथंही ती वरच होती, पण लाल ते लाल. उन्हाळाभर पोर धड जेवली नाही. मालिनी ताट वाढायची आणि भरलेलं ताट उचलायची.

आज एकाच जिमच्या दोन्ही टीम एकाच गटात समोरासमोर होत्या. फ्लोरिडाच्या फायनलला त्यातली एकच जाणार होती. निळी गेली तर आपली लेक पुन्हा मान वर करून चालेल, एवढंच मालिनीला दिसत होतं.

फोन वाजला. सियाची आई दीपा कंपनीच्या कामानं तैवानला गेली होती. तिचा मेसेज होता. 'तू आहेस म्हणून निर्धास्त आहे गं.'

मालिनीनं एक हसरा चेहरा पाठवून दिला. मग पर्समधून काळा दोरा काढला.

"सिया, पाय पुढे कर बाळा."

"हे काय, मावशी?"

"साऱ्या हॉलची नजर तुझ्यावर असणार. दृष्ट लागेल माझ्या पोरीला."

"माय आजी ऑल्सो डज धिस!" सिया हसली. मग थबकली. "पण ज्वेलरी अलाउड नाही ना?"

"दागिना कुठंय हा? दोरा आहे. मोज्याच्या आत नको, काचेल. वर बांधते."

"हा बांधला की कुणी पडत नाही?"

"नाही पडत." मालिनी खाली वाकून गुणगुणल्यासारखं म्हणत गेली. "पहिली गाठ वाऱ्याची, दुसरी गाठ नजरेची..."

"आणि तिसरी?"

तिसरी तिनं मुकाट्यानं मारली. सियानं तिच्या गळ्यात हात टाकले. "यू आर द बेस्ट, मावशी!" म्हणाली आणि आत पळाली.

आधी निळी टीम आली. नैना वर गेली. पाय लटपटला नाही, हसू ढळलं नाही. किती दिवसांनी तिनं पोरीचे दात पाहिले. खाली आली तीही अलगद, पाखरू फांदीवर उतरावं तशी. मालिनीचे डोळे भरून आले.

मग लाल. सिया वर चढली, तेव्हा सारा हॉल सियाकडे बघत होता. मालिनी परीक्षकांच्या टेबलाकडे बघत होती. सियाचा गुडघा एकदा थरथरला, खालच्या पोरींनी सावरलं. टेबलावरचं एकही डोकं काही लिहायला खाली झुकलं नाही.

निकाल लागला. दुसरी निळी. पहिली लाल.

मालिनी पायऱ्या उतरत खाली धावली. नैना मॅटच्या कडेला गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. लाल टीम नाचत होती, पण सिया तिच्यात नव्हती. ती नैनाला बिलगून रडत होती. कोच स्वानंदी पुढे आली. ती इथंच जन्मलेली, मराठी तुटक बोलायची, पण जिव्हाळ्यानं.

"सॉरी, मालिनी काकू. ब्लू पुढे होती. खरंच पुढे होती. पण पॉइंट्स कापले, त्यातच गेलं."

"कशाचे कापले?"

स्वानंदीनं नैनाच्या पायाकडे बोट केलं. मोज्याच्या वर काळा दोरा होता.

मालिनी दोऱ्यावर वाकली. "हा... हा कुठून आला?"

"मी दिला, मावशी," सिया हुंदके देत म्हणाली. "ती आत नुसती शेक होत होती. म्हणाली, मी पडणार. मग मी माझा सोडून तिला बांधला. तीनही गाठी मारल्या, तुम्ही मारल्या तशाच."

नैनानं तोंड वर केलं. "अँड आय डिडन्ट फॉल, आई."

मालिनी खाली बसली. एक हात लेकीच्या पायावर ठेवला, दुसरा सियाच्या डोक्यावरून फिरवला. तो हात थांबत नव्हता.

"रडू नकोस बाळा. तुझं काय चुकलं? साध्या दोऱ्याचेही पॉइंट जातात, हे आपल्यातल्या कुणाला ठाऊक होतं?"

स्वानंदीनं गोंधळून तिच्याकडे बघितलं.

"पण काकू, गुरुवारी तुम्ही हेच तर विचारायला फोन केला होता. पायात काळा दोरा असला तर किती पॉइंट्स जातात म्हणून."