पंधराच्या पंधरा

“चौदा!” रांगेतली शेवटची मुलगी ओरडली. पुढे कुणीच ओरडलं नाही.

ताईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. धरणाचा पहिला भोंगा होऊन चार मिनिटं झाली होती. दुसरा भोंगा पहिल्यानंतर वीस मिनिटांनी व्हायचा आणि तो झाला की पाणी आलंच. नदीच्या कोरड्या पात्रात पिवळ्या टोप्या घातलेली चौदा मुलं उभी होती. पात्रात उतरताना पंधरा होती.

“पुन्हा,” ताई म्हणाल्या.

एक, दोन, तीन. साखळी पुन्हा चौदावरच तुटली.

काठावर मॅडम फाईल घेऊन उभ्या होत्या. उन्हाळी निसर्गशिबिरांची देखरेख त्यांच्याकडे होती. ताई सहा उन्हाळे इथे मुलांना किडे-पाखरं दाखवत होत्या, पण हंगामी म्हणून. यंदा एक जागा बारमाही होणार होती. एकच. ती ताईंना मिळणार, नाहीतर मास्तरांना. मास्तर आपली पंधरा मुलं घेऊन नदीच्या वळणापलीकडे, वरच्या बाजूला होते. त्यांच्या मुलांच्याही टोप्या पिवळ्याच.

ही साखळी मोजणी मूळची मास्तरांची. त्यांच्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशीच एक आकडा मिळायचा. ताईंची रीत वेगळी होती. प्रत्येकाने एक प्राणी निवडायचा, लाकडी चकतीवर त्याचं चित्र काढायचं, चकती गळ्यात घालायची. हजेरी त्याच नावाने.

आज सकाळी चित्रं रंगत होती तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, “किती वेळ चालणार हे बारसं? मास्तरांची पोरं बघा, वीस सेकंदांत मोजून मोकळी.”

ताईंनी ते मनाला लावून घेतलं. चकत्या भिजतील म्हणून बसमध्ये दोरीला अडकवल्या आणि पात्रात मुलांना नुसते आकडे म्हणायला लावले, उभी असतील त्या क्रमाने.

“कोण नाहीये?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांची ओळख जेमतेम सकाळची.

“तो बेडूक दिसत नाहीये,” खार झालेली मुलगी म्हणाली.

बेडूक. सगळ्यांत बुटका, टोपी कानांवर आलेली. सकाळी त्याने हात वर करून विचारलं होतं, “ताई, मला पोहता येत नाही. तरी बेडूक चालेल?”

“चालेल की. बेडूक अर्धा वेळ जमिनीवरच असतो.”

सगळे हसले होते. तोही.

“मॅडम, यांना वर घ्या,” असं ओरडून ताई वळणाच्या दिशेने पळत सुटल्या. शिट्टी फुंकली. गोट्यांवरून दोनदा पाय घसरला. डबक्यात डोकावल्या, मोठ्या खडकामागे पाहिलं. शिट्टी पुन्हा फुंकली.

झुडपात काहीतरी पिवळं हललं.

गुडघ्यांत डोकं घालून तो मुसमुसत होता. तोंड चिखलाने माखलेलं, नाक गळत होतं, टोपी डोळ्यांवर आली होती.

“मला वाटलं सगळे गेले,” तो म्हणाला.

“असं कसं टाकून जाऊ रे, राजा? चल.”

त्याने हात वर केले. ताईंनी त्याला कडेवर घेतलं आणि आल्या वाटेने धावत सुटल्या. काठावर मुलांनी एकच कल्ला केला. “बेडूक आला! बेडूक आला!”

साखळी पुन्हा सुरू झाली. “चौदा!” नंतर गप्प.

“बोल की रे,” ताई म्हणाल्या. “पंधरा म्हण.”

“पंधरा,” तो हुंदका देत म्हणाला.

मॅडमनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. “तोंडचं पाणी पळालं होतं माझं,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही डोकं शांत ठेवलंत. लक्षात राहील हं.”

मुलं बसमध्ये चढली. ताई पायरीवर पाय ठेवणार, तोच कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

“ताई, मास्तर बोलतोय. माझी साखळी आठवर तुटतेय.” त्यांना धाप लागली होती. “इथे वर सगळं पालथं घातलं. वळणाच्या खाली येऊ का, तुमच्या बाजूला?”

ताईंनी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं उरली होती.

“नको, मास्तर. इकडे वेळ घालवू नका. इथला कोपरान् कोपरा आत्ताच बघून आलेय. माझी पंधराच्या पंधरा वर आहेत. तुम्ही वरच शोधा.”

“नक्की ना?”

“अहो, मोजूनच निघालेय.”

मॅडम धरणावर फोन लावत होत्या. त्यांचा आवाज चढला, मग एकदम उतरला. “पाणी वरून सुटलंय म्हणतात. आता थांबवता येत नाही.” मग फोनकडे बघत म्हणाल्या, “बिचारे मास्तर. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.”

बारमाही जागा आता कुणाची, हे दोघींनाही कळलं होतं. तो विचार मनात आला म्हणून ताईंना स्वतःचीच लाज वाटली.

दुसरा भोंगा झाला. लांबलचक.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून ताईंनी दोरीवरच्या चकत्या सोडल्या आणि वाटायला घेतल्या. खार. घुबड. मुंगूस. ज्याने त्याने आपापली ओळखून घेतली. खाली पात्रात पाण्याचा आवाज येऊ लागला होता.

शेवटी हातात एकच चकती उरली. हिरवी. मागच्या सीटवर खिडकीपाशी तो बसला होता. टोपी काढली होती आणि कुणीतरी त्याचं तोंड पुसलं होतं.

“घे की रे,” ताई म्हणाल्या.

त्याने चकतीवरच्या बेडकाकडे पाहिलं, मग ताईंकडे.

“ही माझी नाही,” तो म्हणाला. “आमचे मास्तर चकत्या देत नाहीत. मी नऊ नंबर.”