शिकरण

"भासांवरच्या गोळ्यांनी यांचं हृदय निकामी होत चाललंय," डॉक्टर वत्सलाला बाजूला घेऊन म्हणाले. "ती गोळी आजपासून बंद."

नवरा गोळी थुंकून टाकायचा, म्हणून बावीस वर्षं तिनेच ती कुटून, त्याच्या नकळत, शिकरणातून दिली होती.

संध्याकाळी तिने नुसतंच केळं कुस्करलं, दूध-साखर घातली. वाटी पुढे ठेवताना तिला रडू फुटलं.

एक चमचा खाऊन तो हसला. "आज कडू नाही."

"अहो... तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. गोळी नको होती गं. पण तुझ्या हातचं नको कसं म्हणू?"

एवढ्या बोलण्यानंही त्याला धाप लागली. त्याने वाटी दोघांच्या मधोमध सरकवली.

"पूर्वी एका ताटात जेवायचो आपण. मग तू माझ्या वाटीला शिवेनाशी झालीस. ये ना आता. खा."