उमाजींचा पासवर्ड

"त्याला पत्ता लागणार नाही?" उमाजींनी विचारलं.

"नाही लागत, काका." जुनं काम नव्यावर हलवायला कंपनीनं पाठवलेली गीता नव्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावरच्या एका चौकटीत उमाजींच्या जुन्या कॉम्प्युटरचं निळं पान जसंच्या तसं उघडलं होतं. "तुमचा प्रोग्राम नव्यावर चालत नाही. म्हणून नव्याच्या पोटात त्याला एक जुना कॉम्प्युटर भासवायचा. त्यानं डिस्क मागितली की डिस्क म्हणून एक फाइल पुढं करायची. मेमरी मागितली की नव्यातली थोडी काढून द्यायची. त्याला वाटतं, आपण आहोत तिथंच आहोत."

"म्हणजे फसवायचं."

"हौ. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात."

कुकटपल्लीच्या त्या कारखान्यात लोखंडी सळया ताणून, तोडून त्यांची ताकद मोजत. मोजणारा प्रोग्राम वीस वर्षांपूर्वीचा. तो ज्या कॉम्प्युटरवर चाले, त्याची नस एकट्या उमाजींना ठाऊक. कधी तो सुरूच होत नसे, कधी मध्येच बसकण मारी. साठी उलटली तरी उमाजींना दर वर्षी ठेवून घेत, ते एवढ्यासाठीच.

चौकटीत पासवर्ड मागितला गेला.

"सांगा, काका."

उमाजींचे हात मांडीवरच राहिले. ते पडद्याकडे बघत बसले.

गीतानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराकडे. "आठवत नसेल तर तसं सांगा," ती हळूच म्हणाली. "मी तसंच लिहून देईन. जुनाच चालू राहील."

त्यांच्या नोकरीबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तिनं ते ओळखलं होतं. तारनाक्याहून दोन बस बदलून ती तीन दिवस येत होती. दुपार टळली तरी आजचा डबा तसाच पिशवीत होता.

"तसं लिहिलंस तर तुला काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी. परत यावं लागेल, दुसऱ्या कुणाला घेऊन." तिनं डोळे चोळले. "सवय आहे."

उमाजी गुडघा धरून उठले. कीबोर्ड ओढला आणि एका बोटानं, एकेक करत, नऊ अक्षरं दाबली.

प्रोग्राम उघडला. कोपऱ्यातल्या ताणयंत्रानं सळई ताणली, ती ठणकन तुटली. पडद्यावर आकडा उमटला. जसा यायला हवा तसा.

कारखान्याचे साहेब शिवराज दारातून डोकावले. "झालं? छान! उमाजी, ते जुनं डबडं बंद करून भंगारात द्या. आणि महिनाअखेरीस जरा भेटा मला."

ते गेले.

उमाजींनी जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. दिवसभर कानठळ्या बसवणारा आतला पंखा घरघरत मंद झाला, थांबला. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. बाहेर कुठंतरी नळ गळत होता, तोही ऐकू येऊ लागला.

रोजच्यासारखा तिथूनच त्यांनी घरी बायकोला फोन लावला.

"भामा, आज लवकर येतोय."

पलीकडून भामाबाई म्हणाल्या, "आज ओरडून नाही बोलायलात ते? बरं हाय ना तुमचं?"