बुटाच्या खोक्यातलं घर

फूल उपटताना खालचा कागदही फाटून आला.

"अहो, हात नका लावू. सगळ्यांना बघायचंय," ताई म्हणाल्या.

बालवाडीच्या उन्हाळी शिबिराचा शेवटचा दिवस होता. बुटक्या टेबलांवर बुटांची एकवीस खोकी मांडली होती. प्रत्येक खोक्यात एक घर. काडेपेट्यांची कपाटं, आईस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण, कापसाचं मांजर. कुठे गोंद ओघळलेला नव्हता. चार वर्षांच्या मुलाची कात्री इतकी सरळ चालत नाही, हे सगळ्या पालकांना कळत होतं आणि सगळे फोटो काढत होते.

"आमच्या छोट्या साहेबांनी गच्चीवर टाकीसुद्धा बसवलीय," एक आई शेजारणीला सांगत होती. "घरी स्वतःचा पेला उचलत नाहीत."

वर्कशॉपमधून अर्धी रजा काढून आलेला फिटर आपल्या मुलीच्या खोक्यापुढे उकिडवा बसला होता. मुलगी त्याच्या शर्टाचं टोक धरून उभी होती. त्याने उपटलेल्या पिवळ्या कागदी फुलाखाली वाळलेल्या गोंदाचा एक चौकोन निघाला होता, काडेपेटीएवढा. तिथून काहीतरी खरवडून काढलं होतं. असलं काम त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"इथे काय होतं गं?"

"कॉट," मुलगी म्हणाली. "आईची."

चार महिन्यांत तिच्या तोंडून 'आई' हा शब्द निघाला नव्हता. तो रोज रात्री वाट बघायचा आणि शब्द निघाला नाही म्हणून त्याला बरंही वाटायचं.

तो उठला. "कॉट कुणी काढली?"

"जरा बाहेर येता का, सांगते."

"इथेच सांगा."

ताईंनी आवाज खाली आणला. "तिने कॉटवर माणूस झोपवलं होतं. वर चिंधी पांघरलेली. पार तोंडावरून. मी म्हटलं, अगं तोंड तरी उघडं ठेव, तर ऐकायलाच तयार नाही. बाकीची मुलं विचारायला लागली. आज पालक येणार. बरं नाही हो दिसत ते."

"बरं दिसत नाही."

"हळू बोला. मुलं आहेत इथे."

"हे पण मूलच आहे. कुठे टाकलीत?"

दारात केरसुणी घेऊन उभ्या असलेल्या मावशींनीच उत्तर दिलं. "सकाळीच गेली ती. कचऱ्याची गाडी आठला येते ना."

"दहा दिवस पोरीने इथे गोंद चिवडला," फिटर म्हणाला. "दहा दिवसांत एक वस्तू स्वतःच्या मनाने केली. तेवढी नेमकी तुम्ही केरात घातलीत. आणि वर हे चिकटवलंत." त्याने फूल टेबलावर आपटलं. कागदाचं फूल ते, आवाजही झाला नाही. मग त्याने तळहात आपटला. शेजारची तीन घरं आडवी झाली.

"अहो, एवढ्याशा गोष्टीवरून..." टाकीवाली आई म्हणाली.

"तुम्ही तुमची टाकी सांभाळा."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून ताईंना उमगलं आणि त्यांचाही आवाज चढला. "मला काय स्वप्न पडणार होतं? फॉर्मवर तुम्हीच लिहिलंत ना, आई नोकरीसाठी बाहेरगावी. अक्षर तुमचं, सही तुमची. मी रोज पोरीला समजावतेय, येईल हो आई, सुट्टी मिळाली की येईल. तर ही म्हणते, नाही येणार. मला वाटलं, आठवण येते म्हणून चिडतेय. मला खरं कोण सांगणार होतं?"

फॉर्मवर जे लिहिलं होतं, तेच फिटरने मुलीला घरीही सांगितलं होतं. रोज, भात कालवताना, तिच्याकडे न बघता.

पालक पुन्हा खोक्यांमध्ये डोकावू लागले. फोटो कुणी काढत नव्हतं.

तो मुलीपुढे खाली बसला. "तुला कुणी सांगितलं? आजीने?"

"कुणी नाही."

"मग?"

"तू आईच्या खोलीचं दार लावलंस," मुलगी म्हणाली. "खिडकी उघडी होती."

ताईंनी गोंदाची बाटली आणून टेबलावर ठेवली. एक रिकामी काडेपेटीही ठेवली आणि पडलेली घरं उभी करायला गेल्या.

फिटरने काडेपेटी उचलली. मुलीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "मी करते."

तिने गोंद भरपूर घातला. टेबलावर सांडला, फ्रॉकला लागला, ती थांबली नाही. काडेपेटी दाबून बसवली. कापसाचा बोळा तिच्यावर आडवा ठेवला, फुलाचा कागद फाडून त्यावर पसरला आणि वरचं टोक ओढून घेतलं. फिटरचा हात ते टोक खाली करायला पुढे गेला. मुलीने त्याच्या बोटांवर चापट मारली. जोरात.

"बरं," तो म्हणाला. "आणि मी कुठे आहे?"

मुलीने आईस्क्रीमची एक काडी घेतली. ती खोक्याच्या आत नाही ठेवली. बाहेरून, बंद दाराला टेकवून उभी केली आणि खाली गोंदाचा मोठा गोळा ओतला.

"आता हलायचं नाही," ती म्हणाली आणि अंगठ्याने दाबून धरून राहिली.